कितव्या पावाला?

तेलावीत आमची भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण,
माझ्या छातीइतका खोल,
तळाशी द्राक्षवेलींच्या काटक्यांचा निखारा.
कणकेची लांब होडी हातावर घ्यायची,
डोकं खाली, एक पाय हवेत,
आत बुडी मारून ती भिंतीला थापायची
आणि केस जळायच्या आत वर यायचं.
रोज तीनशे वेळा. अडतीस वर्षं.
गुणाकार मी कधी केला नाही.
कंबरेनं केला.

डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला:
"तेंगिझ, मणक्यांमधल्या चकत्या सुकल्यात."
त्या दिवसापासून बुटाची नाडी बांधतानाही
मी काचेच्या माणसासारखा वाकू लागलो.
लामारानं मेण चोळलं, मिरचीचा अर्क चोळला,
शेजारणीनं सांगितलेलं काहीतरी चोळलं
ज्याचा वास दोन आठवडे पावांना येत होता.

मग नेस्तान.
पाठदुखीवाल्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद,
ही कल्पना कुणाची, देव जाणे.
माझ्या मुलीहून लहान, हात गार.
"शून्य ते दहा, किती दुखतंय?"
मी म्हटलं, पोरी, दुखणं काय तराजूत घालून आणलंय?
ती थांबली.
"बरं. कितव्या पावाला सुरू होतं?"
साठाव्या.
तिनं वहीत लिहिलं: साठ.

पहिले चार दिवस गरम पिशवी,
आणि कातडीखाली मुंग्या सोडणारं ते यंत्र.
मी घोरलो.
पाचव्या दिवशी तिनं वायरी गुंडाळून ठेवल्या.
"हे झोपेपुरतं. आता खाली उतरा, हातापायांवर.
उजवा हात पुढे, डावा पाय मागे,
पाठीवर पाण्याचा पेला आहे असं समजा."
वाइनचा समजू का?
"समजा. पण सांडू नका."
एकसष्टाव्या वर्षी मी रांगायला शिकलो,
आणि थरथरलो
तीन मोजायच्या आतच.

दुखलं की मोडलं, असं मला वाटायचं.
ती म्हणाली, "तुमच्या अंगणातला कुत्रा आहे ना?"
आहे. म्हातारा. वारा आला तरी भुंकतो.
"त्याला मारता?"
नाही.
"मग यालाही नका मारू. रोज थोडं वाऱ्यात फिरवून आणा."

एका गुरुवारी पहाटे पाचला ती भट्टीवर आली.
कोट न काढता कोपऱ्यात उभी, चाळीस पाव पाहिले.
मग माझ्या खुब्यावर दोन बोटं टेकवली:
"बिजागरी इथे आहे."
इतकी वर्षं मी दार
फळीच्या मधोमध वाकवून उघडत होतो.

पैसे मी घेतले नाहीत.
तिनं गरम शोती मोडली, बोट भाजलं, चोखलं,
पिठाच्या पोत्यावरून उठताना
स्वतःच्या कंबरेला हात लावला.
मी पाहिलं. तिनंही पाहिलं, मी पाहिलेलं.
"मला," ती म्हणाली, "अकराव्या माणसाला सुरू होतं."

जानेवारीत ऐंशी.
ईस्टरच्या आठवड्यात गिऱ्हाइकांना नाही म्हणवलं नाही,
चारशे लावले, आणि चाळिसावर आलो.
लामारा मला मोजे घालायची, शिव्या देत.
नेस्ताननं काही न बोलता चाळीस लिहिलं,
आधीच्या आकड्यांच्याच शाईनं.
जूनमध्ये एकशे तीस.
पुढे आणखी किती, मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.

हल्ली विस्तव पेटवायच्या आधी
पिठानं पांढऱ्या झालेल्या फरशीवर
मी माझा पेला पाठीवर ठेवतो.
नवा पोऱ्या वाझा काल दारातच थबकला:
दोन पंजे, दोन गुडघे, मागे एक फरपट.
"काका, रात्री आत कुणी जनावर शिरलं होतं."
हो, म्हटलं.
म्हातारं आहे.
चावत नाही आता फारसं.